एकूण गुण १०१, पण ते पडले कुठे?

पत्र थोडक्यात: तिशीच्या आसपासच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. त्या रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेले डोस तपासणं, दोन औषधं एकत्र गेली तर अपाय होणार नाही ना हे पाहणं, हे त्यांचं रोजचं काम. कामाबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण शिफ्ट संपवून घरी आल्यावर दिवसभरातली प्रिस्क्रिप्शन्स डोक्यात एकेक करून पुन्हा उघडतात. मग रात्री ड्यूटीवरच्या सहकाऱ्याला फोन जातो, "तो डोस मी बरोबर टाकला होता ना?" चार ओळींचा ईमेल पाठवायला अर्धा तास लागतो. पर्यवेक्षकाचं पद देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं. मागच्या ऑडिटमध्ये त्यांच्या नावावर एकही चूक निघाली नाही, त्यावर त्यांचं म्हणणं, "त्या महिन्यात कामच कमी होतं." गेले काही महिने झोप उडाली आहे. इंटरनेटवर दोन प्रश्नावल्या भरल्या. फ्रॉस्ट यांच्या परफेक्शनिझमच्या मोजपट्टीवर १०१ गुण आले, आणि डॅस-२१ मध्ये (नैराश्य, चिंता आणि ताण मोजणारी २१ प्रश्नांची प्रश्नावली) ताणाचे २८, म्हणजे 'तीव्र'. फ्रॉस्टची प्रश्नावली पहिल्या वेळी घाईत भरली असं वाटलं म्हणून त्यांनी पुन्हा भरली, आणि आता दर महिन्याला भरून आकडा एका एक्सेल शीटमध्ये मांडून ठेवतात. त्या विचारतात: "भाऊ म्हणतो, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. पण अपेक्षा कमी केल्या तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, आणि नाही केल्या तर मीच कोलमडेन. हा १०१ खाली कसा आणू?"

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मला हसू आलं. वाचून तुम्हालाही येईल, अशी आशा आहे. परफेक्शनिझम मोजणारी प्रश्नावली नीट भरली गेली नाही अशी शंका आली, म्हणून तुम्ही ती पुन्हा भरलीत! त्याच प्रश्नावलीत 'केलेल्या कामाविषयी शंका' नावाचा एक भाग आहे. तुमचे त्यातले गुण न बघताच सांगता आले असते.

चेष्टा पुरे. पुढे जाण्याआधी एक गोष्ट सरळ विचारते, कारण तुम्ही भरलेल्या दोन्ही प्रश्नावल्यांमध्ये ती विचारलेली नाही. डॅस-२१ मध्ये आयुष्य निरर्थक वाटलं का, असा प्रश्न आहे. पण स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा आत्महत्येबद्दल तिथे काही विचारत नाहीत. म्हणून मी विचारते. जगणं नको, आपण नसलेलंच बरं, असं मनात येतं का? उत्तर 'हो' किंवा अगदी 'कधीकधी' असलं, तरी हा लेख बाजूला ठेवा. घरातल्या एका माणसाला आजच सांगा आणि डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. ते लगेच जमत नसेल तर तुमच्याकडच्या हेल्पलाइनवर फोन करा. परफेक्शनिस्ट माणसाला मदत मागणं विशेष जड जातं, कारण मदत मागितली म्हणजे आपलं काहीतरी बिघडलंय हे चारचौघांत कबूल केल्यासारखं वाटतं. तरीही मागा.

तसं काही नसेल, तर आता त्या १०१ कडे वळू.

मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजपट्टी १९९० साली मांडली. एकूण ३५ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ती सहा भागांत वाटलेली आहेत: चुकांची धास्ती, केलेल्या कामाविषयी शंका, स्वतःसाठी ठेवलेले मापदंड, आईवडिलांच्या अपेक्षा, आईवडिलांची टीका आणि नीटनेटकेपणा. नीटनेटकेपणाची ६ विधानं बाकीच्यांशी फारशी जुळत नाहीत, म्हणून ती बेरजेत धरत नाहीत. राहिली २९. म्हणजे सगळ्यात कमी २९ आणि सगळ्यात जास्त १४५. त्या पट्ट्यात तुम्ही १०१ वर आहात.

आता दोन काल्पनिक बायका घ्या. पहिलीला मापदंडांच्या भागात ३५ पैकी ३४, चुकांच्या धास्तीत ४५ पैकी २५, शंकांमध्ये २० पैकी ९, आईवडिलांच्या अपेक्षांमध्ये २५ पैकी २१ आणि टीकेत २० पैकी १२ गुण आहेत. दुसरीचे त्याच क्रमाने २४, ४०, १८, ११ आणि ८. बेरीज करून बघा (तुम्ही करणारच, मला ठाऊक आहे). दोघींची १०१. पहिली बाई कामाने झपाटलेली आहे, वरून घरच्यांच्या अपेक्षांचं ओझंही आहे, पण रात्री बहुधा झोपते. दुसरीचे मापदंड मध्यम आहेत आणि तरी प्रत्येक चुकीची भीती तिला पोखरते आहे. एक्सेल शीटमध्ये दोघींच्या पुढे एकच आकडा दिसेल, आणि दोघींना सारखाच सल्ला दिला तर निदान एकीचं तरी नुकसान होईल.

तुम्ही मला फक्त बेरीज कळवलीत. पण पत्रातला मजकूर वाचून मी म्हणेन, तुम्ही दुसरीच्या जवळ आहात. रात्रीचे फोन, पुन्हा पुन्हा वाचलेला ईमेल, नाकारलेलं पद, यांतली एकही गोष्ट उंच मापदंडांतून आलेली नाही. सगळ्या धास्तीतून आणि शंकेतून आलेल्या आहेत.

माझ्या मते तुमच्या प्रश्नातली पहिली गफलत इथेच आहे. 'अपेक्षा कमी करू की कोलमडू' असे दोनच रस्ते तुम्ही मांडलेत, कारण त्रास अपेक्षांमुळे होतो हे तुम्ही धरूनच चाललात. या विषयावर काम करणाऱ्यांना ही दोन सुतं वेगळी करायला बरीच वर्षं लागली. रॉबर्ट स्लेनी आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या एका मोजपट्टीत २३ विधानं आहेत. त्यातली ७ उंच मापदंडांवर, ४ व्यवस्थितपणावर आणि तब्बल १२ एकाच गोष्टीवर: मी जे ठरवलं होतं आणि मी जे केलं त्यांच्यात मला किती अंतर दिसतं. नैराश्य, चिंता, स्वतःबद्दलचं हलकं मत हे सगळं प्रामुख्याने त्या १२ विधानांच्या मागे उभं असतं. मापदंड उंच आणि अंतर कमी वाटणारी माणसंही असतात. त्यांचं बरं चाललेलं असतं. ती भेटली की आपल्याला उगाच वाटतं की ही मंडळी जरा कमी गंभीर आहेत.

पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये तिसऱ्याच बाजूने बघितलं: परिपूर्णतेची मागणी कोण कोणाकडे करतंय? मी माझ्याकडे, मी इतरांकडे, की 'लोक माझ्याकडे करतात' असं मला वाटतं? प्रत्येकाला १५ विधानं, एकूण ४५. मानसिक त्रासाशी सगळ्यात घट्ट धागा जुळतो तो तिसऱ्या प्रकाराचा. आणि हा प्रकार वाढतोही आहे. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ कॉलेज विद्यार्थ्यांनी १९८९ ते २०१६ या काळात दिलेली उत्तरं टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी एकत्र तपासली, तेव्हा तिन्ही प्रकार वर सरकलेले दिसले, पण 'लोकांची अपेक्षा आहे' हा सर्वाधिक, ३३ टक्क्यांनी. त्यामुळे हा सगळा तुमच्या स्वभावाचा दोष आहे, असं समजू नका.

तरी 'उंच मापदंड निर्दोष' असा निवाडा मी देणार नाही. २०१७ मध्ये २८४ अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात धास्ती आणि शंका यांचा त्रासाशी संबंध जास्त घट्ट निघाला, हे खरं. पण उंच मापदंडांचाही थोडा संबंध निघालाच, खाण्यापिण्याशी निगडित विकारांत तर ठळकपणे. म्हणून सगळं खापर एकावर फोडू नका. कुठून सुरुवात करायची याचा क्रम मात्र यातून कळतो.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात बोलकं वाटलेलं वाक्य ऑडिटचं आहे. एकही चूक निघाली नाही, आणि तुम्ही म्हणालात, काम कमी होतं. रोझ शॅफ्रन, झफ्रा कूपर आणि क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी २००२ मध्ये हा फेरा अगदी असाच वर्णन केला आहे. माणूस स्वतःची किंमत एखाद्या मापदंडावर टांगतो. मापदंड गाठता आला नाही तर स्वतःवर तुटून पडतो. गाठला, तर 'म्हणजे तो सोपाच होता' असं ठरवून आणखी वर नेतो. या हिशोबात जमेची बाजूच नाही. शंभर ऑडिट्स निर्दोष गेली तरी तुमच्या खात्यावर काही जमा होणार नाही, कारण प्रत्येक वेळी तुम्ही नियम बदलता. तुम्ही अपेक्षा कमी करायचं म्हणता, आणि मी बघते तर त्या एका जागी थांबायलाच तयार नाहीत.

आता तुमच्या सगळ्यात भक्कम मुद्द्याकडे येते. तुमच्या कामात चुकीची किंमत रुग्ण मोजतो. हे मी हलक्यात घेत नाही, आणि भावाचा 'मनाला लावून घेऊ नकोस' हा सल्ला तुम्हाला का बोचतो तेही समजतं. पण धास्तीमुळेच चुका टळतात, हे गृहीतक तपासून बघा. डोस तपासण्याची ठरलेली पद्धत, दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे करायची तपासणी, 'थोडक्यात वाचलो' अशा प्रसंगांची नोंद, ही सगळी व्यवस्था कुशल आणि प्रामाणिक माणसाच्या हातूनही चूक होतेच, हे धरून उभी केलेली असते. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी २००० साली हेच लिहिलं होतं: चुकीसाठी माणसाला धारेवर धरण्यापेक्षा चूक ज्या परिस्थितीत घडते ती सुधारली, तर सुरक्षितता वाढते. धास्तावलेला माणूस मात्र नेमकी हीच व्यवस्था कमकुवत करतो. स्वतःची चूक म्हणजे स्वतःचा पराभव वाटायला लागला, की थोडक्यात टळलेला प्रसंग वहीत नोंदवायला हात धजत नाही. शिवाय झोप न झालेला माणूस डोस वाचतो आहे, हे रुग्णासाठी काही बरं लक्षण नाही.

आणि ते रात्रीचे फोन. व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट या डच संशोधकांनी २००३ साली एक छान प्रयोग केला. लोकांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावली. शेवटच्या खेपेला काय केलं हे त्यांना आठवत होतं आणि उत्तरंही बरोबर होती, पण त्या आठवणीवरचा विश्वास मात्र खाली आला होता. आठवण पुसट वाटायला लागली होती. तपासण्याने खात्री येते असं आपण समजतो. फार तपासलं की खात्री झिजते. तुम्ही फोन करता, सहकारी 'हो' म्हणतो, पाच मिनिटं बरं वाटतं आणि मग दुसरं प्रिस्क्रिप्शन उघडतं. खरं ना?

तर 'हा १०१ खाली कसा आणू' या प्रश्नाला माझं उत्तर: आणू नका. तो दर महिन्याला मोजणं बंद करा. फ्रॉस्टची विधानं तुम्ही एरवी कशा असता ते विचारतात, आणि असा स्वभाव महिन्या-महिन्याला फारसा हलत नाही. हललेला दिसलाच तर बहुतेक वेळा त्या दिवशीच्या मनःस्थितीने हललेला असतो. मन खचलेलं असताना 'मी कमी पडते' हे विधान कुणालाही जास्त खरं वाटतं. डॅस-२१ तर फक्त गेल्या आठवड्याबद्दल विचारते. २८ हा आकडा गेला आठवडा जड गेला असं सांगतो, आणि ते गंभीरपणे घ्यायला हवं. पण तो आजाराचं निदान नाही. परफेक्शनिझम हा तर स्वतंत्र आजार म्हणून कुठल्याही वर्गीकरणात नाहीच, आणि फ्रॉस्टच्या मोजपट्टीवर 'इथून पुढे रोग' अशी सर्वमान्य रेषाही नाही. धास्ती आधी की नैराश्य आधी, याचंही एका रेषेत उत्तर नाही. लोकांचा दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत धास्तीमागून नैराश्य आलेलं दिसतं, आणि नैराश्याने धास्ती वाढलेलीही दिसते.

ती शीट मात्र फेकू नका. एकदाच उघडा आणि बेरीज मोडून प्रत्येक भागाचे गुण वेगळे लिहा. ज्या भागात त्याच्या स्वतःच्या पूर्ण गुणांपैकी सर्वांत मोठा वाटा पडला असेल, तिथून कामाला लागा. हे तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही लागू आहे, मग तुम्ही कुठलीही मोजपट्टी भरलेली असो. आईवडिलांच्या टीकेचा भाग सगळ्यात वर निघाला, तर तुमची वाट आणि या बाईंची वाट वेगळी आहे. तिथे जुन्या आवाजांशी बोलावं लागेल, ईमेलांशी नव्हे.

तुमच्यासाठी मी दोन कामं सुचवते. पहिलं, एका कागदावर तुमच्या विभागाच्या नियमांत लिहिलेल्या तपासण्या उतरवा. त्या सगळ्या, एकही न गाळता, करत राहा. तिथे तडजोड नको. मग शेजारी तुम्ही स्वतःहून करता त्या जादा तपासण्या लिहा: घरून फोन, तिसऱ्यांदा वाचलेलं लेबल, झोपण्यापूर्वीची मनातली उजळणी. फक्त या दुसऱ्या रांगेतून कपात करायची आहे. सुरुवात सगळ्यात कमी जोखमीच्या गोष्टीपासून करा, तुमच्या बाबतीत ईमेलपासून. एकदा लिहा, एकदा वाचा, पाठवा. पाठवण्याआधी एका ओळीत लिहून ठेवा की काय होईल असं वाटतंय: 'साहेबांना मी बेजबाबदार वाटेन', वगैरे. दोन दिवसांनी शेजारी प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. ते फोन एकदम बंद होणार नाहीत. आधी अर्धा तास पुढे ढकला, मग दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टपर्यंत. पहिल्या काही वेळा अस्वस्थता वाढेल. ती वाढून आपोआप ओसरते, हे तुम्हाला अनुभवायचं आहे; माझ्या सांगण्याने ते पटणार नाही. खरोखर काही वगळलं गेल्याचं ठोस कारण आठवलं, तर अर्थातच लगेच फोन करा. ठोस कारण आणि नुसती हुरहुर यांतला फरक तुम्हाला चांगला कळतो, असा माझा अंदाज आहे. (आणि ही वही सुवाच्य अक्षरात, रंगीत पेनांनी ठेवायची नाही.)

दुसरं काम तुम्हाला मुळमुळीत वाटेल, तरी लिहिते. एखाद्या नव्या ज्युनियरच्या हातून तुम्हाला भीती वाटते तशीच एखादी छोटी चूक झाली आणि ती रडवेली होऊन तुमच्याकडे आली, तर तुम्ही काय बोलाल ते शब्दशः लिहून काढा. मग तेच स्वतःला वाचून दाखवा. जे स्वतःशी थोडं मऊ वागू शकतात, त्यांच्या बाबतीत परफेक्शनिझमचा नैराश्याशी असलेला धागा सैल पडतो, असं किशोरवयीन आणि प्रौढ अशा दोन्ही गटांच्या अभ्यासात दिसलं आहे. याने काम ढिलं पडेल अशी भीती वाटत असेल, तर ज्युनियरला तुम्ही जे बोलला असता त्याने तिचं काम ढिलं पडलं असतं का, एवढं बघा.

झोप महिनोन्‌महिने उडालेली असताना हे सगळं एकटीने करू नका. परफेक्शनिझमसाठी खास बेतलेली बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे लोक ज्याला सीबीटी म्हणतात ती, चाचण्यांमध्ये उपयोगी ठरली आहे. तिने धास्ती कमी होते आणि बरोबर नैराश्य-चिंतेची लक्षणंही उतरतात. तज्ज्ञाकडे जाताना १०१ सांगण्यापेक्षा भागवार गुण आणि ते दोन रांगांचे कागद न्या. पहिल्या भेटीचा बराच वेळ वाचेल.

भावाला माझ्यातर्फे एक निरोप द्या. 'मनाला लावून घेऊ नकोस' असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याला माझ्या कामाचं गांभीर्यच कळलं नाही. त्याऐवजी त्याने 'आज काय नीट झालं?' एवढं विचारावं, आणि उत्तरात 'पण' आला की हसून तिथेच थांबवावं. ज्या सहकाऱ्याला तुम्ही फोन करता त्यालाही विश्वासात घ्या. रात्री फोन आला तर 'बरोबर होतं गं' असा दिलासा देण्याऐवजी त्याने म्हणावं, "ठोस काही आठवतंय का? नाही? मग उद्या बोलू."

राहिलं पद. तुम्ही ते का नाकारलंत हे पत्रात लिहिलं नाही, पण मला वाटतं, इतरांच्या चुकांचीही जबाबदारी घ्यावी लागेल म्हणून. त्या कामाचा अर्धा भाग असतो तो कुणी 'माझ्याकडून चुकलं' असं म्हणत आलं, की न घाबरता ऐकून घेण्याचा. स्वतःच्या बाबतीत तुम्हाला ते अजून जमत नाही, पण दुसऱ्याच्या बाबतीत जमतं का, हे ज्युनियरसाठी तुम्ही लिहून काढलेल्या त्या शब्दांवरून कळेल. जमत असेल, तर उपचार सुरू झाल्यावर वरिष्ठांना विचारा की तीन महिन्यांसाठी तात्पुरती जबाबदारी मिळेल का. जमत नसेल, इतरांच्या चुकांवरही तुमचा तितकाच तीळपापड होत असेल, तर आत्ता 'नाही' म्हणालात ते ठीकच केलंत, आणि हा मुद्दा तज्ज्ञाकडे पहिल्याच भेटीत काढा.